"विंडोज ७ आणि पुढे": टॉवेल कारखान्याच्या सॉफ्टवेअर खरेदीचं एक प्रकरण

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कुठल्याही मध्यम टॉवेल कारखान्यात सापडतील अशा गोष्टी इथे एका प्रातिनिधिक प्रकरणात एकत्र मांडल्या आहेत. कारखाना प्रायव्हेट लिमिटेड, उलाढाल पाच कोटींच्या वर. जॅकार्डचे आणि डॉबीचे (नक्षी विणणारे) माग, वर्षानुवर्षांचे व्यापारी, आणि हिशेब अजून डॉसवरच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या यंत्रणेवरच्या, फॉक्सप्रो प्रोग्रॅममध्ये. स्थानिक प्रोग्रॅमरने कधीकाळी लिहून दिलेला तो प्रोग्रॅम दिवाणजी डोळे मिटून चालवतात, त्यामुळे तो बदलायची घाई कुणालाच नव्हती.

घाई बाहेरून आली. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल, म्हणजे प्रत्येक फेरफाराची बंद न करता येणारी नोंद, सक्तीची आहे. डॉसच्या प्रोग्रॅममध्ये ती असण्याचा प्रश्नच नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइसही, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवून क्रमांक घेतलेलं बिल, लागू झालं, आणि ती बिलं पोर्टलवर एकेक करून हाताने भरली जात होती. सीएंनी शेरा मारल्यावर नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं: सुताची आवक, बीम (मागावर चढवायचा ताण्याचा रूळ), मागावरचं उत्पादन, गाठी, बिल, ई-इनव्हॉइस सगळं एकात.

विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये तांत्रिक गरजांची एकच ओळ होती: "विंडोज ७ आणि पुढे, ४ जीबी रॅम." ऑफिसातल्या संगणकावर विंडोज ७ होतं, रॅम ४ जीबी होती. दिवाणजींनी विचारलं, "साहेब, आमच्या ह्या कॉम्प्युटरवर चालंल का?" उत्तर आलं, "चालतंय की." हे उत्तर खोटं नव्हतं. मुख्य प्रोग्रॅम त्या संगणकावर उघडला असता. पण हे सॉफ्टवेअर म्हणजे एकटी प्रोग्रॅमची फाईल नाही. तिच्याखाली नोंदी साठवणारा डेटाबेस असतो, बाजूला प्रिंटर, टोकन (डिजिटल सहीची यूएसबी काडी), डोंगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी संगणकाला लावावी लागणारी किल्ली) यांचे ड्रायव्हर, म्हणजे उपकरणाची विंडोजशी ओळख करून देणारे छोटे प्रोग्रॅम, असतात, बाहेर सरकारी सर्व्हर असतात. कोटेशनमधली ओळ यांतल्या कशाबद्दलच बोलत नाही. आगाऊ रक्कम देण्याआधी तपासणी झाली ती या सगळ्या पसाऱ्याची.

खोलीत नेमकं काय आहे

प्रत्येक संगणकावर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून उघडणाऱ्या रन खिडकीत आधी 'विनव्हर' लिहायचं. विंडोजची आवृत्ती आणि बिल्ड क्रमांक कळतो. मग त्याच खिडकीत 'एमएसइन्फो३२'. (दोन्ही इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता.) दुसऱ्या खिडकीतल्या चार नोंदी कामाच्या: सिस्टीम टाईप, प्रोसेसर, बायोस मोड (हा नव्या विंडोजवरच दिसतो) आणि बसवलेली रॅम. मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. फोनवरून विक्रेत्याला "आमच्याकडं विंडोज हाय" एवढं सांगण्यापेक्षा तो फोटो पाठवणं बरं.

ऑफिसचा संगणक: विंडोज ७, सिस्टीम टाईपपुढे 'एक्स८६-बेस्ड', म्हणजे ३२ बिट. प्रोसेसर इंटेल आय३, चौथ्या पिढीचा. तो ६४ बिट चालवू शकतो, पण त्यावर विंडोज ३२ बिटचंच टाकलेलं. का, ते उघड आहे: डॉसचा प्रोग्रॅम १६ बिटचा, आणि १६ बिटचे प्रोग्रॅम ६४ बिट विंडोजवर चालतच नाहीत. ज्याने कुणी हे बसवलं त्याने जाणूनबुजून बसवलं होतं. रॅम ४ जीबी असली तरी ३२ बिट विंडोजला त्यातली साडेतीन जीबीच्या आसपासच वापरता येते.

डिझाईनच्या खोलीतला संगणक: विंडोज एक्सपी. त्यावर जॅकार्डचं डिझाईन सॉफ्टवेअर, आणि मागे पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या रुंद खोबणीला) लावलेलं डोंगल. तिसरा, मालकांच्या मुलाचा नवा लॅपटॉप, विंडोज ११. इथे सिस्टीम टाईपपुढे 'एआरएम६४-बेस्ड' असं आलं, आणि सगळ्यांनी ते वाचून सोडून दिलं. त्याकडे पुढे येऊ.

डेटाबेस कुठे बसणार

विक्रेत्याला पहिला लेखी प्रश्न गेला: तुमचं सॉफ्टवेअर कुठला डेटाबेस वापरतं आणि त्याची आवृत्ती कोणती? उत्तर आलं, एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस २०१९. इथेच निम्मं प्रकरण निकालात निघालं. एसक्यूएल सर्व्हर २०१६ पासून फक्त ६४ बिटवर चालतो, आणि २०१९ ची आवृत्ती विंडोज १० च्या खाली बसत नाही. ऑफिसचा संगणक दोन्ही कसोट्यांवर नापास.

मग "विंडोज ७ आणि पुढे" कुठून आलं? आधीच्या आवृत्तीबरोबर एसक्यूएल सर्व्हर २०१४ दिला जाई. तो ३२ बिटमध्येही मिळायचा आणि विंडोज ७ वर चालायचा. सॉफ्टवेअर बदललं, माहितीपत्रक तेच राहिलं. हे फार सर्रास होतं, आणि त्यामागे बहुतेक वेळा लबाडी नसते, आळस असतो. विक्रेत्याने लगेच पर्याय सुचवला, "तुम्हाला २०१४ टाकून देतो." तो नाकारला, कारण २०१४ चा सपोर्ट ९ जुलै २०२४ ला संपला आहे. नव्या खरेदीचा पाया मुदत संपलेल्या डेटाबेसवर घालण्यात अर्थ नव्हता. एक्सप्रेस या फुकट आवृत्तीची डेटाबेसच्या आकारावरची १० जीबीची मर्यादाही तेव्हाच विचारून घेतली. अशा कारखान्याच्या नोंदींना ती बराच काळ पुरते, मात्र बिलांचे स्कॅन आणि डिझाईनचे फोटो डेटाबेसच्या आतच साठवले जात असतील तर पुरत नाही. या सॉफ्टवेअरमध्ये फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जातात.

डेटाबेस दुसऱ्या संगणकावर ठेवून विंडोज ७ वर नुसता प्रोग्रॅम चालवता आला असता. तिथे दुसरी अडचण होती, आणि ती डेमोत कधीच दिसली नसती. ई-इनव्हॉइसचा क्रमांक मिळवण्यासाठी सॉफ्टवेअर सरकारी यंत्रणेशी टीएलएस १.२ या सुरक्षित पद्धतीने बोलतं. विंडोज ७ ला ती पद्धत येते, पण अनेक प्रोग्रॅम ज्या अंतर्गत घटकातून इंटरनेटवर जातात तिथे ती मुळात बंद असते. वेगळं अपडेट टाकून रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत) चालू करावी लागते. म्हणजे प्रोग्रॅम उघडतो, बिल बनतं, छापलंही जातं, आणि फक्त ई-इनव्हॉइसच्या बटणावर 'कनेक्शन फेल्ड' येतं. मग दोष इंटरनेटवर जातो, राउटर बदलला जातो. पोर्टल ब्राउझरमध्ये उघडावं म्हटलं तर क्रोमची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९. फेब्रुवारी २०२३ नंतर ती पुढे सरकलेली नाही. आणि खुद्द विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपलेला.

प्रॉपर्टीजमधला कम्पॅटिबिलिटी मोड वापरून बघू, असंही सुचवून झालं. तो मोड प्रोग्रॅमला विंडोजची वेगळी आवृत्ती सांगतो आणि काही जुन्या सवयी सांभाळून घेतो. नसलेला ड्रायव्हर तो आणू शकत नाही, १६ बिटचं ६४ बिट करू शकत नाही.

जुना सुधारायचा की नवा घ्यायचा

ऑफिसचा संगणक एसएसडी आणि ८ जीबी रॅम टाकून ६४ बिट विंडोज १० वर नेता आला असता. ३२ वरून ६४ बिटवर जाताना वरच्यावर अपग्रेड होत नाही, डिस्क पुसून नव्याने टाकावं लागतं. विंडोज ७ ची चावी वापरून फुकट वर जाण्याची वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली, तेव्हा लायसन्सही नवं लागणार. आणि एवढं करून पोहोचणार कुठे, तर १४ ऑक्टोबर २०२५ ला सपोर्ट संपलेल्या विंडोज १० वर. व्यवसायांना वाढीव सुरक्षा अपडेट पैसे भरून जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), यूईएफआय आणि सिक्युअर बूट (संगणक सुरक्षित सुरू करण्याच्या नव्या पद्धती) लागतं. चौथी पिढी त्यात बसत नाही. तपासणी चुकवून ११ टाकून देणारे सापडतात, पण अशा यंत्राला पुढची अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. हिशेबाच्या संगणकावर हा खेळ नको.

म्हणून नवा डेस्कटॉप. विंडोज ११ प्रो, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी. प्रो घेण्याचं कारण एवढंच की सीएंच्या ऑफिसातून रिमोट डेस्कटॉपने जोडायचं होतं, आणि होम आवृत्ती रिमोट डेस्कटॉपची जोडणी आत घेत नाही.

मालकांच्या मुलाचं म्हणणं होतं की लॅपटॉप नवाच आहे, सॉफ्टवेअर त्यावरच टाकू. इथे ते 'एआरएम६४' आडवं आलं. त्या लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीच्या घराण्यातला नाही. विंडोज ११ त्यावर नेहमीचे प्रोग्रॅम अनुकरण करून चालवतं, आणि बहुतेक चालतातही. पण ड्रायव्हरचं अनुकरण होत नाही. तो एआरएमसाठीच लिहिलेला लागतो. डिजिटल सहीच्या टोकनचा तसा ड्रायव्हर मिळाला नाही, लेबल प्रिंटरचाही नाही, आणि एसक्यूएल सर्व्हर अशा यंत्रावर अधिकृतपणे चालत नाही. जीएसटी पोर्टलवर कंपनीला डिजिटल सही अनिवार्य, त्यामुळे टोकनशिवाय भागत नाही. लॅपटॉप फक्त अहवाल बघण्यासाठी ठेवला.

प्रिंटर, टोकन आणि ते डोंगल

ऑफिसचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर रुंद, नऊ पिनांचा, फक्त पॅरलल पोर्टचा. नव्या डेस्कटॉपला तो पोर्ट नाही. यूएसबी ते पॅरलल केबलने प्रिंटर चालतो. तीच केबल डोंगलला मात्र चालत नाही, कारण ती केबल संगणकाला फक्त प्रिंटर म्हणून दिसते, आणि जुनं डोंगल पोर्टच्या ठराविक पत्त्यावर थेट बोलायला जातं. दुकानदाराने "एकच केबल, दोन्हीला चालेल" असं सांगितलं तर ते निम्मंच खरं आहे.

छपाईत आणखी एक मेख. ई-इनव्हॉइसच्या बिलावर क्यूआर कोड छापावाच लागतो. नऊ पिनांच्या प्रिंटरवर, त्यातही रिबन जुनी असेल तर, तो फोनने वाचला जाईल याचा भरवसा नाही. त्यामुळे वाटणी केली: बिल लेझरवर, आणि ट्रान्सपोर्टला द्यायचं तीन प्रतींचं चलन डॉट मॅट्रिक्सवर. चलनासाठी सॉफ्टवेअरला साध्या मजकुरात छापता येतं का, हा प्रश्न विक्रेत्याला वेगळा विचारला. नाही तर ते प्रत्येक पान चित्र म्हणून पाठवतं, एका चलनाला मिनिट लागतं, आणि गेटवर टेम्पो उभा राहतो.

डिझाईनच्या संगणकाबद्दलचा निर्णय सगळ्यात सोपा होता आणि पटवायला सगळ्यात अवघड गेला: त्याला हात लावायचा नाही. जॅकार्डचं ते सॉफ्टवेअर ३२ बिट एक्सपीसाठीचं आहे, डोंगलचा ६४ बिट ड्रायव्हर उपलब्ध नाही, आणि पॅरलल पोर्टचं वेगळं कार्ड घातलं तर त्याचा पत्ता मूळ पोर्टपेक्षा वेगळा येऊ शकतो. मग डोंगल सापडत नाही. नवीन डिझाईन सॉफ्टवेअर घेणं ही वेगळी खरेदी आहे, तिचं वेगळं गणित. तोवर एक्सपीला इंटरनेटपासून आणि ऑफिसच्या नेटवर्कपासून तोडून ठेवलं. जोडून तरी काय होणार होतं? एक्सपीला फाईल शेअरिंगची फक्त पहिली जुनी पद्धत येते, जी विंडोज ११ मध्ये मुळातच बंद असते. ती चालू करण्याचे उपाय शोधले की पटकन मिळतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच वाटेने पसरला होता, म्हणून ती उघडली नाही. डिझाईनच्या फाईली एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या, फक्त याच कामाच्या पेनड्राईव्हने नेतात. नवे पेनड्राईव्ह बऱ्याचदा एक्सफॅटमध्ये येतात. वेगळं अपडेट नसेल तर एक्सपी ते वाचत नाही, आणि माणसाला वाटतं पेनड्राईव्हच खराब आहे.

जाता जाता त्याच संगणकाची डिस्क इमेज, म्हणजे संपूर्ण डिस्कची प्रत, काढून ठेवली, सीआर२०३२ बॅटरी बदलली. बॅटरी मेली की तारीख मागे जाते आणि काही डोंगल अशा तारखेला रुसतात. कॅबिनेट उघडल्यावर सुताच्या तंतूंची गादीच निघाली. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पंख्याने एवढ्यावर कसं भागवलं, कोण जाणे.

नव्या यंत्रावर काय अडलं

नवा डेस्कटॉप सगळ्या अटींत बसत होता, तरी पहिल्याच दिवशी एसक्यूएल सर्व्हर बसेना. शेवटच्या टप्प्यावर 'वेट ऑन द डेटाबेस इंजिन रिकव्हरी हँडल फेल्ड' असा संदेश. कारण एसएसडीत होतं. काही नव्या एनव्हीएमई डिस्क विंडोज ११ ला ४ केबीपेक्षा मोठा सेक्टर (डिस्कवर एका वेळी लिहिला जाणारा तुकडा) कळवतात, आणि एसक्यूएल सर्व्हर फक्त ५१२ बाईट किंवा ४ केबीच स्वीकारतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एफएसयूटिल एफएसइन्फो सेक्टरइन्फो सी:' ही आज्ञा दिली की अ‍ॅटॉमिसिटी आणि परफॉर्मन्स असे शब्द असलेल्या ओळींत आकडे दिसतात. तिथे ८१९२ किंवा १६३८४ असेल तर हाच आजार. मायक्रोसॉफ्टने सांगितलेली रजिस्ट्रीतली एक नोंद केली, संगणक पुन्हा चालू केला, आणि डेटाबेस बसला. हे माहीत नसेल तर माणूस विंडोज चार वेळा पुसून टाकतो.

दुसरी अडचण लहान दिसते, पण महाग पडते. नव्या संगणकाचा प्रदेश 'युनायटेड स्टेट्स' ठेवलेला होता. तिथे महिना आधी, दिवस नंतर. ३ एप्रिलची सुताची आवक ४ मार्चला, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. चूक बाराव्या तारखेपर्यंतच्या नोंदींत होते. तेराव्यापासून सॉफ्टवेअर तारीख नाकारतं, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. सेटिंग्जमध्ये प्रदेश भारत, तारीख दिवस-महिना-वर्ष, हे डेटा भरण्याच्या आधी करायचं. डेटाचं आणि बॅकअपचं फोल्डर डॉक्युमेंट्समध्ये ठेवायचं नाही, हेही तेव्हाच: विंडोज ११ ते वनड्राईव्हला जोडतं आणि सिंक चालू असताना फाईल अडकून राहते. डी ड्राईव्हवर वेगळं फोल्डर केलं.

कामगारांची नावं आणि मजुरीचं रजिस्टर एक्सेलमध्ये होतं, मराठीत, जुन्या श्रीलिपी फॉन्टात. ते नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणल्यावर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसला. तो फॉन्ट अक्षरांचं फक्त रूप बदलतो, आत साठवलेलं मराठी नसतं. फॉन्ट बसवून हे सुटत नाही. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, बदलावं लागतं, आणि जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासावी लागतात. तेलुगू वळणाची आडनावं या फेरीत सगळ्यात जास्त बिघडली, आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यात तशी आडनावं भरपूर.

कागदावर काय घेतलं

खरेदीच्या ऑर्डरमध्ये "विंडोज ७ आणि पुढे" खोडून त्या जागी हे लिहून घेतलं: विंडोज ११ प्रो, ६४ बिट, बिल्ड क्रमांकासह, डेटाबेसची आवृत्ती, जोडायच्या सगळ्या उपकरणांची मॉडेलं, आणि विंडोजचं वार्षिक मोठं अपडेट आल्यावर सॉफ्टवेअर जुळवून देण्याची जबाबदारी विक्रेत्याची. लायसन्स कशाशी बांधलेलं आहे, हाही प्रश्न त्यातच. ते डिस्कच्या आणि मदरबोर्डच्या क्रमांकाशी बांधलेलं निघालं, वर्षातून एकदाच हलवता येणारं. त्यामुळे क्रम ठरला: आधी रॅम, डिस्क, विंडोज, अपडेट, सगळं कायमचं करून घ्यायचं, लायसन्स सगळ्यात शेवटी चालू करायचं. उलट केलं असतं तर डिस्क बदलण्यातच वर्षाची ती एक संधी गेली असती.

डेमो विक्रेत्याच्या लॅपटॉपवर बघितला नाही. याच डेस्कटॉपवर, याच प्रिंटरवर, एक पूर्ण फेरी करून पाहिली: सुताचे कोन आवक, बीम, मागावरचं उत्पादन, गाठ, ५० बाय २५ मिलिमीटरचं लेबल, चलन, चाचणी सर्व्हरवर ई-इनव्हॉइस, बॅकअप. आणि तो बॅकअप दुसऱ्या एका संगणकावर परत उघडून. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. बॅकअपची फाईल बनते यावरच समाधान मानतात; ती जुन्या आवृत्तीच्या एसक्यूएल सर्व्हरवर उघडत नाही, हे नेमकं गरजेच्या दिवशी कळतं. उरलेले पैसे या फेरीनंतर द्यायचे, असं आधीच ठरलं होतं.

विंडोज ७ चा संगणक मोडीत काढला नाही. कंपनीला हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं सांभाळावी लागतात, आणि त्यातली बरीचशी त्या डॉसच्या प्रोग्रॅममध्ये आहेत. इंटरनेट काढून तो कोपऱ्यात ठेवला. वर्षवार खातेवही, रोजकीर्द आणि ताळेबंदाच्या पीडीएफ काढायचं काम चालू आहे. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाईली नव्या संगणकावर लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये थेट उघडतात, म्हणून त्यांचीही एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली. उघडताना कॅरेक्टर सेट विचारला जातो, तिथे डॉसचा ४३७ निवडायचा.